यातली माझी कोणती?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण देवाला स्मरून सांगतो, यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. लवकर अंधारून येणारी.

आणि जागा... दफनभूमीच्या मागच्या भिंतीच्या आतली, तिला लागून असलेली पट्टी. जिथं एक दगड नाही, की पाटी नाही.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. दिवसभर चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. घरी ती, तिची शाळकरी लेक आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई, म्हणजे माझी मावशी. डॉक्टरांनी हात टेकले होते. मावशीनं मात्र एकच धोशा लावला होता.

"माझी आई कुठं आहे ते शोध गं. मला तिच्याशेजारी ठेव."

मावशी चार वर्षांची असताना मोठी साथ आली होती. एकेकासाठी वेगळा खड्डा खणायला सवड कुणाला? लांबलचक चर खणायचे, चादरीत गुंडाळून ओळीनं ठेवायचं, वरून माती लोटायची. मावशीची आई तशीच गेली. चिमुरडी मावशी भिंतीबाहेर उभी होती. आईला हाक मारायला तिनं तोंड उघडलं... आणि कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबला.

ती हाक आतच राहिली. सत्तर वर्षं.

आता त्या पट्टीवरून रस्ता जाणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन येणार. जी हाडं निघतील ती गोळा करून दुसरीकडे, एकाच खड्ड्यात.

ताईनं अर्धी रजा टाकली आणि धावत सुटली.

तिथं कबरी खोदणारा एक म्हातारा होता. हातात लांब लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसून तो माती चाचपायचा. कधी न खणलेली माती सळईला अडवते, खणलेली माती तिला आत घेते.

"काका, एवढी मदत करा हो."

"काका नको. सळई म्हण. सगळे तेच म्हणतात. भिंतीच्या आत आम्ही नाती लावत नाही."

"असं का?"

"पडलीय तशी रीत. बायको डबा घेऊन आली तरी इथं मला सळईच म्हणते. घरी काय म्हणते ते विचारू नकोस!"

ताईला हसू फुटलं. त्या दिवसातलं शेवटचं.

सळई इथं खुपसली, आत गेली. चार पावलं पलीकडे... आत गेली. भिंतीपाशी... तिथंही.

म्हातारा थांबला. "बाई, ही सगळी पट्टी म्हणजे एकच चर आहे."

ताई गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. नखं फुटली तरी थांबेना. "एवढी एकच दे रे देवा," म्हणत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. "तुझी आई काही ऐकत नाही बाई. बोल तिच्याशी. फोन उशाशी ठेवते. माझं दूध उतू जातंय, आलेच."

मग मावशीचा आवाज. "सापडली?"

ताई दुसऱ्या हातानं पुन्हा माती उकरायला लागली.

"बरं, मला तिथलं ऐकू तरी दे."

ताईनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो मातीवर ठेवला.

वारा पडला होता. पानसुद्धा हलत नव्हतं...

"आ... ई...!"

मावशीनं हाक मारली होती. सत्तर वर्षांची.

"बंद कर तो फोन!" म्हातारा ओरडला.

बघा, लेकरानं आई म्हणून हाक मारली की ओ द्यायची, हे कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. देवानंच ते आत घालून पाठवलेलं असतं. तापात असो, ग्लानीत असो, ओ येतेच.

मातीखालून आली...

"ओ..."

अगदी मऊ. झोपेतून उठल्यासारखी.

मग जरा पलीकडून... "ओ..."

मग भिंतीपाशी. मग ताईच्या गुडघ्यांखाली. जमिनीत रोवलेली सळई आपोआप थरथरत होती. त्या चरात किती आया होत्या! प्रत्येकीचं लेकरू कुठंतरी असंच गप्प केलेलं.

मग सगळं एकदम थांबलं.

आणि फोनमधून आवाज आला... "ओ."

पाठोपाठ सळसळ. ओल्या चादरी एकमेकींना घासल्यासारखी. तो आवाज ताईला कुणी सांगायला नको. एक-दोन नव्हत्या. पुष्कळ होत्या.

"आली!" मावशी लहान पोरीसारखी हसली. "अगं, आली!"

मग तिचं हसू थांबलं.

"बाळा... या किती जणी आहेत गं? सगळ्याच म्हणतात, मीच तुझी."

तिचा आवाज रडवेला झाला.

"मला तिचा चेहराच आठवत नाही गं. यातली माझी कोणती?"

ताई पळत घरी पोचली. काकू दारातच उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. दार आतून कुणी दाबून धरल्यासारखं झालं होतं. दोघींनी मिळून ढकललं.

मावशी गेली होती. पांघरूण चहूबाजूंनी घट्ट खोचलेलं, तान्ह्या बाळाचं खोचतात तसं. डोळे उघडे. कपाळावर तो प्रश्न तसाच.

पलंगाभोवती ओली माती... सगळीकडून.

हाडांच्या नव्या खड्ड्याशेजारीच मावशीला ठेवलं. म्हाताऱ्या सळईनंच जागा काढून दिली. "एक तरी तिची असेलच," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून लेकीनं आई म्हणून हाक मारली की ताई हातातलं टाकून आधी ओ देते. आम्ही चिडवतो, "एवढी कसली घाई?" ती तोवर लेकीपाशी पोचलेली असते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होतो. ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. आतल्या खोलीतून भाची ओरडली, "आई!"

गच्चीपर्यंत हाक पोचली नसावी. ताईची ओ आली नाही.

मी सांगायला उठलो... आणि आत भाची खुदकन हसली.

"आई, किती वेळा ओ देशील गं?"

ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.