तर्री पोह्यांचा दंड

चंदन त्या सकाळी खानावळीच्या मालकाला शोधत वर चढला नसता, तर वर्गात वीसच जण राहिले असते आणि सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

नालवाडीत रस्त्याला लागूनच ती खानावळ आहे. वरच्या लांबट खोलीत काजल नावाची सव्वीस वर्षांची मुलगी इंग्रजी शिकवायची. सकाळी पहिली पातळी, म्हणजे ज्यांना वाक्य जुळवता येत नाही ते. संध्याकाळी दुसरी, म्हणजे ज्यांना वाक्य जुळवता येतं पण चारचौघांत ते घशातच अडकतं. चंदन रोज खाली भाजी टाकायला येई. त्या दिवशी मालक गल्ल्यावर नव्हता, कुणीतरी 'वर गेले' म्हणालं, म्हणून हा सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी हातात घेऊन जिना चढला.

"उशीर झाला. बसा," काजल फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली.

तो बसला. मालक वर नव्हताच. काजल वळली, तेव्हा शेवटच्या बाकावर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण जुडी मांडीवर घेऊन असा बसला होता, की जणू परीक्षेत चुकून दुसऱ्याचाच पेपर हातात आलाय. तिनं इंग्रजीत नाव विचारलं. तो उठून उभा राहिला.

"माय नेम..." आणि इतका वेळ थांबला, की पुढच्या बाकावरचे अण्णाजी त्याच्याऐवजी उत्तर द्यायला निघाले. "...चंदन."

"गुड," काजल म्हणाली. खोलीभर सांबाराचा वास पसरला होता. तिला हसू आलं, पण ती शिक्षिका होती, तिनं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी तो पैसे भरून रीतसर आला. सेलूच्या वाटेवर त्यांचं भाजीचं शेत होतं आणि त्याला स्वतःची रोपवाटिका काढायची होती. त्यासाठी बंगळुरूला तीन महिन्यांचं शिक्षण मिळत होतं, पण अर्जासोबत पहिली पातळी ओलांडून दुसरीत पोचल्याचं वर्गाचं पत्र लागणार होतं. त्याला येऊन जाऊन तेवढंच हवं होतं.

आता काजलच्या वर्गाचा एक नियम सांगायला हवा. तिथं प्रत्येकाला एक जोडीदार मिळे. संध्याकाळी सात वाजता जोडीदाराला फोन करायचा आणि दहा मिनिटं इंग्रजीतच बोलायचं. फोनवर मराठी बोलला, तर दंड: दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला तर्री पोहे, म्हणजे वर लाल झणझणीत रस्सा ओतलेले. या दंडाच्या धाकानं लोक दहा-दहा मिनिटं नुसतं 'येस, येस' करत, पण फोन मात्र लावत. वीस जणांच्या दहा जोड्या झाल्या होत्या. एकविसाव्याला जोडीदार कुठून आणणार? नियम तिचाच, तेव्हा तिलाच त्याची जोडीदार व्हावं लागलं.

फोनवर तो इंग्रजी बोलायचा. आपण ते मराठीतच ऐकू.

"मी चार वाजता उठतो. मी पालक कापतो."

"मग?"

"मग... मी मेथी कापतो."

"थंडी असते?"

"हो. माझे हात थंड असतात. तुमचे?"

"माझ्या हातात खडू असतो."

"खडू गरम असतो?"

ती हसली. पलीकडं तो हसला नाही, कारण त्यानं खरंच विचारलं होतं.

महिनाभर असंच चाललं. त्याला जेवढे शब्द येत, तेवढंच तो बोले. एकदा म्हणाला, आज आईवर ओरडलो, मला वाईट वाटतं. एकदा म्हणाला, मला विहिरीची भीती वाटते, कुणाला सांगू नका. पुढं एकदा तिनं सहज विचारलं, वर्गात काय आवडतं? तो नेहमीसारखा थांबला. मग म्हणाला, "तुम्ही फळा पुसता. ते."

त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर काजलनं दोन वेळा एकाच कपात चहा ओतला. आई रुख्माबाईनं विचारलं, "काय करून राह्यली वो?" काजलनं ओट्यावर सांडलेला चहा पुसला.

तिला हे इतकं गोड का वाटावं, यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पुलगावच्या एका मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता. तो बोलायला लागला, की घरातल्या सगळ्यांची कामं थांबायची. नोकरी पक्की, घर पक्कं, प्रेम तर त्याहून पक्कं. पुढं कळलं, नोकरीच नव्हती, आणि प्रेम आणखी एका घरी असंच पक्कं होतं. साखरपुडा मोडला. तेव्हापासून कुणी छान बोलायला लागलं, की ती काहीतरी काम काढून उठून जायची. आणि इथं हा एक माणूस होता, ज्याला छान बोलताच येत नव्हतं.

एका रविवारी ती बाजारात गेली आणि संत्र्यांच्या गाडीपाशी तिची पावलं थांबली. समोर चंदनचं दुकान होतं. पण हा चंदन वेगळाच होता.

"घ्या नं आक्का, आत्ता तोडून आनली! दव पाहा अजून, सुकलं नाई! तुमच्या हातची भाजी खाल्ली, तं काकाजी दिवसभर घरातून निंगनारच नाईत!"

बायका हसत होत्या आणि जुड्या उचलत होत्या. हातातल्या डब्यातून तो मेथीवर पाणी शिंपडत होता. तेच दव. काजल काही न घेता घरी परत आली.

सात वाजता फोन आला.

"आजची मेथी ताजी होती?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही बाजारात होता?"

"मेथी ताजी होती?"

"नाही. कालची होती. मी पाणी मारलं."

"मग ताजी का म्हणालात?"

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. "बाजारात मी मराठी बोलतो. मराठीत मला खोटं येतं. इंग्रजीत येत नाही. तुम्ही अजून शिकवलं नाही."

ती खळखळून हसली. मग हसता हसता मध्येच थांबली. कारण शिकवत तर तीच होती.

त्या दिवसापासून ती त्याची वाक्यं कान देऊन ऐकू लागली. ती लांब होत चालली होती. आधी 'आणि' आलं, मग 'कारण' आलं, मग 'असं असतं तर' आलं. जानेवारीत एका संध्याकाळी तो म्हणाला, "सकाळी इतकं धुकं होतं, की मला वाटलं आमचं शेत रात्रीच नागपूरला गेलं." दुसरी कोणी शिक्षिका असती, तर आनंदानं पेढे वाटले असते. काजललाही आनंद झाला, आणि लगेच ती हिशेब करू लागली. आणखी दोन महिने शिकवलं, तर फोनवरचा माणूस बाजारातल्या माणसासारखा बोलायला लागेल, आणि मग तो खरं कधी बोलतोय हे तिला कसं कळणार?

महिनाअखेर तोंडी परीक्षा झाली. चंदन सगळ्यात चांगला बोलला. काजलनं पेन उचललं, त्याच्या नावासमोर 'पहिली पातळी, आणखी एक महिना' असं लिहिलं आणि वही मिटली. एक महिन्यानं काय बिघडतं, असं तिनं स्वतःला समजावलं. एवढं छान तर पुलगावचा मुलगाही समजावत नसे.

निकाल वाचून झाला, तेव्हा बोंब मारली ती अण्णाजींनी. अण्णाजी एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकायला येत.

"मी वर अन् चंदन खाली? अहो मॅडम, मले सारं त्यानंच त सांगतलं मागून! वहीत नावं बदलली काय, पाहा बरं!"

वर्ग हसला. चंदन हसला नाही. त्यानं एकदा काजलकडं पाहिलं. तिनं डस्टर उचलून कोरा फळा पुसायला घेतला.

त्या संध्याकाळी सात वाजता फोन वाजला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. भाजी खानावळीत येत होती, पण आणणारा दुसराच कुणी होता. तिसऱ्या दिवशी काजल सव्वासात वाजेपर्यंत फोनसमोर बसून राहिली आणि मग तिनं स्वतःच तो लावला.

"चंदन, मी खोटं लिहिलं," ती मराठीत म्हणाली.

"मॅडम... फोनवर मराठी—"

"माहीत आहे. दंड भरेन. तुम्ही सगळ्यात चांगले बोलला होता आणि मी मुद्दाम तुम्हाला खाली ठेवलं."

"काऊन?"

बाजारातला तो भरभर आवाज या एका शब्दात नव्हता. शब्द मराठी होता आणि आवाज रोज सात वाजताचाच होता. तिनं पुलगावचं सांगितलं. संत्र्यांच्या गाडीचं सांगितलं. "मला वाटलं, आणखी शिकलात तर फोनवरचे चंदन राहणार नाहीत."

"म्हनजे मले मुकंच ठेवाचं होतं तुमाले?"

तिला रडू आलं, कारण तसंच होतं. "हो," ती म्हणाली. "तुम्ही आवडता मला. म्हणून केलं. ही काही माफी मिळण्यासारखी गोष्ट नाही, पण... खरी आहे."

पलीकडं दूर कुठंतरी पाण्याचा पंप चालू होता.

"अर्जाची तारीख शनिवार हाय," तो म्हणाला. "आईले सांगून बसलो मी, का नापास झालो. तिनं काई म्हनलं नाई. नुसतं ताट वाढून देल्लं."

"पत्र लिहून ठेवलंय. उद्या वर्गात सगळ्यांसमोर देईन. मी काय केलं, तेही सांगेन."

"मेथीवर मी पानी मारलं मॅडम. तुमी त निकालावरच मारलं."

आणि फोन बंद झाला. तिनं मनातली एवढी मोठी गोष्ट सांगितली होती आणि त्यावर तो हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. काजलनं खालच्या खानावळीला उद्याच्या पोह्यांचं सांगितलं आणि न जेवताच पडून राहिली.

सकाळी वर्ग अजून जुनाच होता, नव्या पातळ्या सोमवारपासून सुरू व्हायच्या होत्या. टेबलावर पोह्यांची परात आणि तर्रीचं पातेलं होतं. लाल तवंगातून वाफ निघत होती. शेवटचा बाक रिकामा होता. काजलनं तो पाहिला, तरी जे ठरवलं होतं ते केलं. उभी राहून म्हणाली, चंदनचा निकाल मी चुकीचा लिहिला. चुकून नाही, मुद्दाम लिहिला. तो दुसऱ्या पातळीत आहे, हे त्याचं पत्र. माझं चुकलं.

तेवढ्यात अण्णाजींचं नाक परातीकडं वळलं.

"ते समजलं मॅडम. पन पोहे काऊन?"

"दंड!" पहिल्या बाकावरची अन्नपूर्णा ओरडली. तिनं स्वतः हा दंड तीन वेळा भरलेला होता. "मॅडम फोनवर मराठी बोलल्या!"

"कोनासंग?" अण्णाजी म्हणाले, आणि मग त्यांनाच उत्तर सापडलं. मॅडमचा जोडीदार कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि ज्या बाईनं महिन्यानुमहिने एक मराठी शब्द फोनवर खपवून घेतला नाही, तिनं तो का बोलावा, हे कळायला दुसरी पातळी लागत नव्हती. विसाच्या वीस माना शेवटच्या बाकाकडं वळल्या. रिकाम्या बाकाकडं पाहून परत काजलकडं आल्या. काजलच्या कानांच्या पाळ्या तर्रीपेक्षा लाल झाल्या होत्या. असं एकटीनं उघडं पडणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आता पळायलाही वाट नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. जड आणि सावकाश, हातात ओझं असल्यासारखी.

चंदन दारात उभा राहिला. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं मोठं पातेलं होतं आणि खांद्याला पिशवी. त्यानं पातेलं परातीशेजारी ठेवलं आणि झाकण काढलं. पोहेच होते, घरचे.

"एकाच्या दंडानं कसं भागन?" तो अण्णाजींकडं पाहत म्हणाला. "मराठी बोलनारे दोघं होते नं."

अण्णाजींनी टाळी मारली, अन्नपूर्णानं शिट्टी. मग प्लेटांची एकच गडबड उडाली. त्या गडबडीत तो काजलजवळ आला आणि पत्र घेऊन खिशात ठेवलं.

"आईनं केले?" तिनं हळूच विचारलं.

"हो. मी पास झालो, हे सांगतलं तिले. बाकीचं पन सांगतलं."

"बाकीचं... म्हणजे?"

"तुमी जे बोलल्या ते. अन् मी जे बोललो नाई ते." तो थांबला, तसाच, सात वाजल्यासारखा. "मी बंगळुरूले जाईन. तीन महिने. सात वाजता फोन करजा."

"कोणत्या भाषेत?"

"पोहे परवडतीन तशा." तिनं वर पाहिलं, तेव्हा तो हसत होता. मग त्यानं पिशवीतून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली. "हे घरी न्या."

काजलनं जुडी उचलली. पानं थोडी मलूल होती. समोर वीस माणसं पोहे खात होती आणि वीसही ऐकत होती.

"ताजी आहे?" तिनं विचारलं.

"नाई," चंदन मराठीत म्हणाला. "कालची हाय. पानी नाई मारलं."