पंचेचाळीस अंशांच्या खाली

चेंडू आला तो थेट माझ्या ज्वारीत, पाखरं राखायच्या माळ्याच्या पायाशी. पौषातलं मळभ चार दिवस हटत नव्हतं, मधूनच भुरभुर पडायची, आणि पाखरं हुरड्यावर तुटून पडलेली. आधीच माझं डोकं फिरलेलं. गोफण खाली ठेवली, चेंडू उचलला आणि आला तिकडंच भिरकावून दिला.

पडिकातून एक उंच पोरगा पळत येत होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून पार मागं गेला. तो थबकला... आणि चेंडू सोडून माझ्याकडंच बघत राहिला मेला!

"हितनं फेकलास?"

"न्हाई, साताऱ्यासनं."

तो गेनू. वेल्ह्याकडच्या गुंजवण्याचा. मॅट्रिक होऊन भोरच्या शाळेत पडेल ते काम करायचा. वय एकवीस. मी त्याच्याहून वर्षानं मोठी. नवरा पटकीनं गेला तशी माहेरी आलेली. आमच्यात विधवेचा पाट लावतात. आबांच्या मनात किकवीचा कोंडिबा होता. बिजवर, पण बागायतदार.

गेनू रोज यायला लागला. संस्थानच्या खेळांत चेंडूफेक होती. पहिला येईल त्याला पुण्याच्या कॉलेजात घेणार होते, सरावासाठी लगेच नेणार होते.

"आन हरलास तर?"

"तर हितंच ऱ्हाईन. ड्रिलमास्तर हाताखाली घेत्यात मला. आन मग—" त्यानं अंगठ्यानं ढेकूळ फोडलं.

"मग काय?"

"मग तुझ्या आबांकडं येईन... मागणं घालाया."

"ये की. चहा पाजतील," मी म्हटलं. सरळच सांगते, मला तो हवा होता. म्हणजे तो हरायला हवा होता.

आणि हरतच होता. शास्त्राच्या मास्तरांनी त्याला गणित घालून दिलं होतं: उभ्याआडव्याच्या बरोबर मधे, पंचेचाळीस अंशांत फेकला की चेंडू सगळ्यात लांब जातो. त्यानं तेवढाच तिरका बांबू रोवला होता आणि त्याच्याच रोखानं फेकत सुटला होता. साठ पावलांपुढं चेंडू जाईना. शाळेतला रखमाजी सत्तर फेकायचा.

चूक मला पहिल्याच दिवशी दिसली. लहानपणापासून पाखरांवर ढेकळं फेकत आले मी. एवढं वर फेकताना खांदा अडतो, जोर अर्ध्यातच मरतो. चार दिवस मी हे गिळून बसले.

पाचव्या दिवशी तो माळ्याखाली भिजत बसला. खांदा सुजलेला.

"चंद्रा, आमच्या गावातनं कुणी कालेजात गेलं न्हाई. मला निस्तं बघायचं हुतं... ह्या गणिताच्या म्होरं काय असतं."

त्याचा चेहरा मला बघवेना.

"पुस्तकातल्या चेंडूला खांदा नसतो," मी म्हटलं. "तुला हाय. बांबू खाली घे. आनखी... आनखी जरा."

"लवकर पडंल की!"

"फेक तर, शान्या!"

त्यानं फेकला. चेंडू बुटका बुटका जात राहिला, जातच राहिला. ऐंशी पावलं! गेनू ओरडला, मग ओल्या मातीत काडीनं आकडे ओढत बसला.

"कोन उतरला, पन वेग वाढला! गणित खरंच हाय गं. वेग तेवढाच ऱ्हातो असं धरून म्याच चुकलो!"

गणितावर इतका खूष झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मला हसू आलं, आणि मग तोंड फिरवावं लागलं.

खेळांत गेनू नऊ पावलांनी जिंकला. जायच्या दिवशी रानात आला.

"जिंकलो की जानार, ठावं हुतं तुला. मग का शिकिवलंस?"

"जीव हाय तुझ्यावर म्हनून," मी म्हटलं. "न्हाईतर हरलेला गेनू जनमभर घरात वागवला असता... आन हरवला कुणी, ते मला एकलीलाच ठावं असतं."

त्यानं माझा चिखलाचा हात हातात घेतला. ओठ हलले... मोटारीची वेळ झाली होती.

चार वर्षं थांब म्हणाला असता तर थांबले असते. त्याच्या गावची ठकुबाई फार उशिरा भेटली, तिच्याकडून कळलं: तेच त्याच्या ओठावर होतं, पण मला अडकवून ठेवायला आपण कोण, असं त्याला वाटलं. आणि थांबते असं मीही म्हणाले नव्हते, त्याच्या पायात बेडी नको म्हणून. दोघंही लई शहाणे! होळीनंतर कोंडिबाशी माझा पाट लागला.