भरलेला काटा

काटा : भरलेला

"चोराला गॅसशिवाय काही नकोय," क्लिफर्ड ऑल्डरशॉ म्हणाले. "त्याला पकडा. नाहीतर माझी लेक मला वृद्धाश्रमात टाकतेय."

टॉडमॉर्डन गावातल्या एकमेव गुप्तहेर होलरॉइडबाई नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस बर्नार्ड टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

क्लिफर्ड गिरणीतून निवृत्त झालेले. बायको एल्सी गेल्यापासून घरात एकटे. तळघरात हौसेने वेल्डिंग करायचे. वितळत्या लोखंडाला हवा लागली की जोडात भोकं पडतात, म्हणून त्यावर सतत गॅसचा झोत लागतो. जन्मभर त्यांनी आर्गॉनची बाटली वापरली. ती देणारं दुकान बंद पडलं, तेव्हा वूलपॅक पबातून, पिंपातली बिअर नळापर्यंत चढवायला वापरतात ती कार्बन डायऑक्साइडची बाटली आणू लागले.

चोरी तेव्हापासूनची. काही दिवस बाटलीवरचा दाबाचा काटा रात्रीही भरलेला, मग एके सकाळी बाटली रिकामी. कुलूप जसंच्या तसं.

काटा : भरलेला

तळघरात दोघांनी बसायचं लोखंडी बाकडं अर्धवट उभं होतं. जुने जोड गुळगुळीत, नवे खडबडीत, भोवती लोखंडाचे शिंतोडे. मेजावर दोन मग. एकाशेजारी बशीत बिस्किट. शेवटच्या पायरीवर एल्सीचा फोटो आणि मेणबत्ती.

मेणबत्ती हल्ली आपोआप विझते, क्लिफर्डनी सांगितलं. "एल्सीच विझवत असेल. उधळपट्टी तिला कधी खपली नाही."

काम संपल्यावर बाटली बंद करता का, असं बाईंनी विचारलं. ते दुखावले. यंत्र बंद केलं की झालं. आर्गॉनची बाटली महिनोन्महिने उघडी असायची, काटा कधी हलला नाही.

काटा : भरलेला

दुसरी किल्ली मुलीकडे होती. जॅनेटने आढेवेढे घेतले नाहीत. बाबा तळघरातून येतात ते डोकं धरून. नावं चुकतात. एकदा शेवटच्या पायरीवर झोपलेले सापडले. हात थरथरतो, बाकड्यावरचे जोडच बघा. बाटली उघडी टाकतात आणि चोराच्या नावाने खडे फोडतात.

"फोन उचलत नाहीत," ती म्हणाली. "इथे पोचेपर्यंत दर वेळी वाटतं, आज आपण उशिरा..." पुढचं तिने गिळलं.

काटा : भरलेला

पबवाला स्टॅन वूलपॅकच्या तळघरात बाटली बदलत होता. बरणीतून नवा वायसर काढून त्याने सांध्यात बसवला. जुनी बाटली उचलून हलवून पाहिली.

"काटा नाही का हिला?" बर्नार्डने विचारलं.

"काट्यावर विसंबलो, तर शनिवारी गिऱ्हाइकं मलाच पिंपात बुडवतील."

दारावर पाटी होती : एकट्याने उतरू नये. बर्नार्ड ती वाचत जरा जास्तच रेंगाळला. त्याचीही खोली एकट्याचीच होती.

बाईंनी क्लिफर्डना सांगितलं, नवी बाटली नेहमीसारखी जोडा, उघडी ठेवा, आणि मी येईपर्यंत खाली पाऊल टाकू नका. दाराला स्वतःचं कुलूप लावून किल्ली त्यांनी खिशात टाकली.

काटा : भरलेला

दोन दिवसांनी सगळे तळघराच्या दारात जमले. बाईंनी वरूनच बॅटरीचा झोत टाकला. काटा भरलेला.

"चोर आलाच नाही," जॅनेट म्हणाली.

बाईंनी दोरीला बांधलेली पेटती मेणबत्ती खाली सोडली. अर्ध्या जिन्यापर्यंत ती नीट जळली. शेवटच्या पायरीजवळ गेली आणि विझली.

"काटा खोटं बोलतोय," होलरॉइडबाई म्हणाल्या. "आर्गॉन बाटलीत वायूच असतो. जितका जातो, तितका काटा उतरतो. हा पबातला गॅस दाबला की द्रव होतो. खाली थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत काटा भरलेलाच दाखवतो, आणि मग भराभर कोसळतो. म्हणून स्टॅन बाटली उचलून बघतो."

"पण जातो कुठे?" बर्नार्डने विचारलं.

"सांध्यातून. आर्गॉनची जोडणी धातूवर धातू घट्ट बसते, तिला वायसर लागत नाही. हिला लागतो. स्टॅनने बसवला तेव्हा तू शेजारीच होतास. मिस्टर ऑल्डरशॉंनी सवयीने नुसता पाना आवळला आणि सवयीनेच बाटली उघडी ठेवली. हा गॅस हवेपेक्षा जड. तळघराच्या तळाशी साचतो. मेणबत्ती विझवतो. माणसाचं डोकं दुखवतो, नावं विसरायला लावतो, त्याला पायरीवर झोपवतो. आणि शिंतोडे हाताच्या थरथरीने नाहीत. नुसत्या या गॅसवर ते उडतातच."

जॅनेटने वडिलांचा हात हातात घेऊन पाहिला. तो स्थिर होता.

"खालीच काम करा," बाई म्हणाल्या. "पण खिडकी उघडी, वायसर नवा, काम संपलं की बाटली बंद. आणि स्टॅनच्या पाटीवरचा नियम."

"वृद्धाश्रमाला मी नकार कळवते," जॅनेट म्हणाली.

काटा : रिकामा

बाहेरून खिडकी उघडून बराच वेळ गेल्यावर सगळे खाली उतरले. क्लिफर्ड मेजापाशी उभे राहिले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"म्हणजे कोणीच येत नव्हतं."

"नाही," बाई म्हणाल्या.

बर्नार्डला आत्ता कुठे उमगलं. "बिस्किट चोरासाठी होतं?"

"कुलूप न तोडता येतो, दुसरं काही नेत नाही. म्हटलं, भला माणूस असेल." क्लिफर्डनी बशी जरा सरकवली. "वर बसलो की वाटायचं, खाली कोणीतरी आहे."

जॅनेट फोटोकडे वळली.

बर्नार्डने टोपी काढून मेजावर ठेवली आणि अर्धवट बाकड्यावर जपून बसला. रविवारी मी मोकळाच असतो, तो म्हणाला.

बिस्किट मऊ पडलं होतं. त्याने ते खाल्लं.