वळणावरचा खडा

ही घटना माझ्याच बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही आणि तिखटमीठ लावलेली तर अजिबात नाही. कंपनीचं नाव तेवढं लिहिणार नाही.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी अमावस्येच्या, मध्यरात्रीच्या असतात. माझी सकाळी सात बावन्नची आहे. लख्ख उजेडातली. ठिकाण नाशिकची एमआयडीसी.

मी प्रफुल्ल. राहायला इंदिरानगरला. एका कारखान्यात सेफ्टी विभागात आठ वर्षं झाली. आमच्या घरी बुद्धवंदना होते, भूतखेत कोणी मानत नाही. लहानपणी गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन उभा राहायचो. मी घाबरट माणूस नाही. म्हणजे, नव्हतो.

आमच्या गेटवर एक बोर्ड आहे. ‘अपघाताविना दिवस’. रोज सकाळी त्यावरचा आकडा बदलायचा, हे माझं काम. यंदा जानेवारीत तो नऊशे बासष्टवर होता. हजार झाले की उत्कृष्ट सुरक्षेच्या पुरस्कारासाठी अर्ज करता येणार होता. मोठ्या साहेबांनी ट्रॉफी ठेवायला काचेचं कपाटसुद्धा आधीच करून घेतलं होतं.

अर्जासोबत फोटो पाठवायचे होते. शेडमध्ये उजेड कमी पडतो, म्हणून छताचे पारदर्शक पत्रे धुवायचं ठरलं. वर चढला रावजी.

रावजी सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. भात निघाला की नाशिकला यायचा, मिळेल ते काम करायचा. यंदा ठेकेदाराने आमच्याकडे पाठवला होता. गरीब माणूस, फार बोलायचा नाही. हाक मारली की शेडमध्ये असेल तिथून उत्तर द्यायचा, “ओ साहेब.”

उंचावर काम करायचं तर माझ्या सहीचा परवाना लागतो. सही करण्याआधी मी स्वतः जाऊन माणसाने पट्टा बांधलाय की नाही ते बघायचं असतं.

मी टेबलावर बसूनच सही केली.

पट्टे होते. नवेकोरे, सहा. पण फोटोत नवे दिसायला हवेत म्हणून त्यांचं प्लॅस्टिक काढलं नव्हतं.

अकरा वाजता पत्रा फुटला. रावजी चार नंबरच्या प्रेस मशीनमागे पडला. मी धावत पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. वरच्या भोकातून उन्हाचा चौकोन बरोबर त्याच्यावर पडला होता.

मोठे साहेब आले. कोणाकडेही न बघता म्हणाले, “आत काही झालेलं नाही. रस्त्यावर झालंय. समजलं सगळ्यांना?”

समजलं. सगळ्यांना बायकापोरं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डावर नऊशे त्रेसष्ट लावले. 

तिसऱ्या दिवशी रावजीची बायको आली. अक्काबाई. बरोबर तिचा भाऊ दिनेश होता. तिने काही मागितलं नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “साहेब, तो पडला ती जागा दावा. आमच्यात माणूस घराबाहेर मेला तं तिथला खडा घरी आणत्यात. नाय आणला तं त्याला वाट गवसत नाय.”

जागा दाखवायला मलाच पाठवलं.

मागच्या गेटातून हायवेला लागताना एक वळण आहे, वजनकाट्याजवळ. मी तिथे उभा राहिलो आणि बोट दाखवलं.

“इथं?” तिने विचारलं.

“हो. इथंच.”

ती खाली बसली. हाताने धूळ बाजूला केली, सुपारीएवढा एक खडा उचलला आणि पदराला गाठ मारून बांधला. मग त्या गाठीला हळूच म्हणाली, “चल. घरी जाऊ.”

खरं सांगतो, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती.

त्यानंतर आठवडा गेला आणि सुरुवात झाली.

आमच्या गेटवर हजेरीचं मशीन आहे. कार्ड लावलं की आतली बाई बोलते, “थँक्यू.” एका सकाळी मी बोर्ड बदलत होतो. गेटवर मी आणि वॉचमन, तिसरं कोणी नाही. सात बावन्न झाले होते. आणि...

“थँक्यू.”

वॉचमन म्हणाला, बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सात बावन्न. तिसऱ्या दिवशीही. मेकॅनिक आला, त्याने मशीन उघडलं, पुसलं, काही दोष नाही म्हणाला. चौथ्या दिवशी वॉचमनने आपली खुर्ची उचलून गेटाच्या पलीकडे नेली.

मी जुनी हजेरी काढून पाहिली. रावजी रोज सात बावन्नला यायचा. एक दिवसही मागेपुढे नाही. त्याचं कार्ड तर आम्ही कधीच रद्द केलं होतं.

मी घरी बोललो नाही. जेवण जात नव्हतं. बायको अंजली विचारायची, मी कामाचा ताण म्हणायचो.

फेब्रुवारीत हजार पूर्ण झाले आणि पुरस्काराची कमिटी पाहणीला आली. तिघं जण. सगळं बघून झाल्यावर त्यांनी सराव बघायचा म्हटलं. म्हणजे भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी काम टाकून बाहेर मैदानात जमायचं आणि डोकी मोजायची. सकाळी जेवढे आत आले तेवढे बाहेर दिसले पाहिजेत.

भोंगा वाजला. तीन मिनिटांत सगळे बाहेर. मी मोजले.

अठ्ठावन्न.

कमिटीतल्या बाईंनी हजेरीच्या मशीनचा कागद पुढे केला. त्यावर एकोणसाठ होते.

पुन्हा मोजले. अठ्ठावन्न. मोठ्या साहेबांनी स्वतः मोजले. अठ्ठावन्न.

“म्हणजे तुमचा एक माणूस अजून आत आहे,” बाई म्हणाल्या.

 सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. आत जाऊन शोधायचं काम सेफ्टीवाल्याचं. मी गेलो.

सगळी मशीनं बंद असलेली शेड मी कधी पाहिली नव्हती. पंखेसुद्धा थांबले होते. माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटत होता. नियमाप्रमाणे मी हाक मारली.

“कोणी आहे का आत?”

काही नाही.

“कोणी राहिलंय का?”

आणि चार नंबरच्या प्रेसमागून...

“ओ साहेब.”

 आवाज खोल नव्हता, भेसूर नव्हता. रोजचा होता. हातातलं काम न सोडता माणूस देतो तसा.

मी तिथपर्यंत कसा गेलो ते आठवत नाही. प्रेसमागे कोणी नव्हतं. फरशीला नवा हिरवा रंग दिलेला होता. वर नवा पत्रा होता, त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडला होता. फरशी तापलेली असायला हवी होती. मी वाकून हात लावला, तर ती माठासारखी गार होती.

आणि अगदी कानाजवळ...

“सुटी झाली का, साहेब?”

भीती नाही वाटली. रडू आलं. महिनाभर हा माणूस रोज वेळेवर कामावर येत होता आणि त्याला घरी जा म्हणणारं कोणी नव्हतं. त्याची वाट मीच चुकवली होती. तेव्हाच “झाली” म्हणायला हवं होतं. मी तसाच उठलो.

मी बाहेर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मोठे साहेब जरा जास्तच.

“आत कोणी नाही,” मी म्हणालो. “मशीन चुकलंय.”

बाईंनी तसं लिहून घेतलं.

मार्चमध्ये पुरस्कार मिळाला. मोठा हॉल, शाल, श्रीफळ, ट्रॉफी. मोठे साहेब बोलले, आमच्याकडे प्रत्येक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी जातो. टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर गेलो आणि हॉलच्या पायऱ्यांवर बसलो. तिथूनच अंजलीला फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नोकरीचं आपण बघू. तुम्ही आधी त्या बाईकडे जा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी छिन्नी-हातोडी घेऊन प्रेसमागे बसलो. हिरव्या रंगाखालचा काँक्रीटचा एक तुकडा काढला. दोघा-तिघांनी पाहिलं. एकानेही हटकलं नाही. एक जण तर येऊन माझ्या बाजूला मान खाली घालून उभा राहिला. तुकडा हातात घेऊन मी म्हणालो, “रावजी, सुटी झाली. चल.”

रविवारी गाडी काढली. वणीवरून सुरगाणा, तिथून पुढे कच्चा रस्ता. दुपारी बाराला पाड्यावर पोचलो. अक्काबाई अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. दिनेशने मला ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. सही, पत्रा, वळण, माझं बोट. शेवटी रुमाल सोडून तो तुकडा तिच्यासमोर ठेवला.

वाटलं होतं, ती शिव्या देईल. दिनेश मारेल. मारायलाच हवं होतं.

ती नुसती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “मंग तो कोण हाय?”

मला कळलं नाही.

तिने मला आत नेलं. धान्याच्या कणगीजवळ, पाटावर तो वळणावरचा खडा ठेवला होता. समोर वाढलेलं ताट. नागलीची भाकर, उडदाची डाळ. कशालाही हात लागलेला नव्हता.

“आणला त्याच रोजी आला,” ती म्हणाली. “दिसत नाय, पन कळतं. दाराकडं तोंड करून बसतो. खोकतो. रावजी कधी खोकला नाय. ताट ठेवते तं शिवत नाय. माझी हाक त्याला उमगत नाय.”

तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

“मला वाटलं, माझ्यावर रागावलाय. मीच त्याला धाडला होता ना यंदा, जा म्हनून. रोज पाया पडत होते साहेब. बोल म्हनायचे.”

दिनेश बाहेर निघून गेला. मी भिंतीला टेकलो.  रावजीला घराबाहेर ठेवलं ते ठेवलंच, पण तीन महिने या बाईला तिच्या नवऱ्याच्या रागात जगायला लावलं होतं मी.

तिने तो तुकडा उचलला, पदराने पुसला आणि दुसऱ्या पाटावर ठेवला. “आलास?” एवढंच म्हणाली. मग दुसरं ताट वाढलं. त्यानंतर घरात काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. पण मी बसलो होतो तिथे, आणि ती बऱ्याच वेळाने हसली.

परतल्यावर मी जे झालं ते सरकारी कार्यालयात लेखी दिलं. नोकरी गेली आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

पाड्यावरून निघताना मी अक्काबाईला विचारलं होतं, पहिला खडा परत वळणावर नेऊन टाकू का? तिने नाही म्हणून मान हलवली.

“रस्त्यावं कुठं टाकता? त्यालापन घर असंल. त्याचं मानूस शोधा. तवर राहू दे इथं.”

मी शोधतोय. वजनकाट्याशेजारच्या चहावाल्याने सांगितलं, त्या वळणावर आजवर तीन-चार माणसं गेली आहेत. एकाचं नावच कोणाला कळलं नाही. पावसाळ्यातली गोष्ट. ट्रकवरचा होता की पायी चालणारा, कुठल्या राज्याचा, काही पत्ता नाही. दोन-तीनदा चहाला आला होता आणि त्याची भाषा मराठी नव्हती, एवढंच चहावाल्याला आठवतं. आणि खोकायचा फार.

म्हणूनच हे इथे लिहिलं. तुमच्या ओळखीत कोणाचं माणूस नाशिकच्या बाजूला कामाला आलं असेल आणि परत गेलं नसेल, तर मला कळवा.

कालच दिनेशचा फोन आला होता. आता तो खोकणारा रात्रंदिवस दारातच बसलेला असतो म्हणे. अक्काबाई अजून रोज दोन ताटं वाढते.