सकाळी दहाला दीड

"किती वाजले हो?" जालना स्टेशनाबाहेर टांग्याची वाट बघत उभ्या असलेल्या द्वारकाने शेजारच्या माणसाला विचारलं. त्याने मनगट वळवलं आणि शांतपणे म्हणाला, "दीड."

मार्गशीर्षातलं ऊन अजून अंगाला गोड लागत होतं. दीड कसला, फार तर दहा वाजले असतील. द्वारका मुलींच्या शाळेत शिकवायची. तिला असं तोंडावर कुणी बनवलेलं खपत नसे. पिशवी छातीशी धरून ती दोन पावलं लांब सरकली. तो हसला... आणि हसताना बरा दिसला, याचाच तिला जास्त राग आला.

पुढच्या रविवारी तोच माणूस आपल्या मामांना, रामरावांना घेऊन टेंभुर्णीला तिच्या घरी, तिलाच बघायला आला. नाव मच्छिंद्र. आफ्रिकेतल्या अबिसीनियात हरार नावाच्या डोंगरावरच्या गावी गणिताचा मास्तर, सध्या रजेवर.

या घरात संशय उगाच मुक्कामाला नव्हता. थोरल्या बहिणीला, गोजरबाईला, असंच चांगलं स्थळ म्हणून दिलं, आणि नवऱ्याने हैद्राबादेत आधीच दुसरा संसार थाटलेला निघाला. तेव्हापासून ती माहेरीच. हे लग्न झालं तर द्वारकाला थेट समुद्रापलीकडे जायचं होतं. तिथून माघारी यायला बैलगाडी मिळत नाही.

पोह्यांची बशी पुढे ठेवत तिने विचारलं, "आज किती वाजले?"

"तुमचे की हरारचे?" मच्छिंद्रच्या डोळ्यांत हसू होतं. "तिथं दिवस उगवल्यावर तासाभरानं एक वाजतो. त्यात दिवस आपल्यापेक्षा उशिरा उगवतो. म्हणून तुमचे दहा, तिथले दीड."

"अन् रजेवर आलं तरी घड्याळ तिथलंच? कुणाच्या आठवणीसाठी?"

"इथलं लावलं, तर परत जावंसं वाटणार न्हाई... म्हणून."

उत्तर तिच्या मनाला भिडलं, पण ती इतक्यात विरघळणार नव्हती. "खायला काय मिळतं?"

"ज्वारी आपल्यासारखीच पिकते. भाकर न्हाई, पीठ आंबवून मोठं धिरडं करत्यात. सगळे एकाच ताटात जेवत्यात, अन् घास एकमेकांना भरवत्यात."

"तुम्हांला कोण भरवतं?"

"घरमालकीण," तो सहज बोलून गेला.

टेंभुर्णीत बाई चारचौघांत पुरुषाला घास भरवते ती लग्नाच्या पंगतीत, आणि तो तिचा नवरा असतो. द्वारकाच्या आईने, पुष्पाबाईंनी, पदर तोंडाला लावला. "म्हणजे ह्यांचं लग्न झालंय."

रामरावमामांना ठसका लागला.

"न्हाई हो मावशी," मच्छिंद्र घाईने म्हणाला. "तिथं कुणीबी कुणाला भरवतं. तिचा म्हाताराबी भरवतो मला. पाहुण्याला मानच असतो तो."

"खरं कशावरून?" द्वारकाने विचारलं.

त्याने बशी खाली ठेवली. "पुरावा न्हाई माझ्याजवळ. विश्वास ठेवा असं म्हणत न्हाई. संशय घ्या, बिलकुल घ्या — पण तिथं येऊन घ्या. त्या दिवशी स्टेशनावर बघितलं ना माझ्याकडं, तसंच बघत विचारा. मला ते आवडलंय."

द्वारकाचे कान तापले. ती तडक स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी बसून गोजरबाई सगळं ऐकत होती.

"काय करू, अक्का?"

"माझ्या माणसाला मी आधी काहीच विचारलं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "अन् नंतर विचारलं, की तो उठून जायचा. हा बसलाय का बघ."

द्वारकाने दाराआडून पाहिलं. मामा चपला शोधत होते. आई रागाने भिंतीकडे बघत होती. मच्छिंद्र मात्र जागचा हलला नव्हता. दाराकडे डोळे लावून बसला होता. हा माणूस आपल्याला हवा आहे, हे तिला लख्ख कळलं होतं. ती दारात आली.

"माझे अजून लई सवाल राह्यलेत."

"विचारा ना."

"इथं न्हाई," ती म्हणाली. "तिथं आल्यावर."