नको तेवढंच ऐकणारा

उन्हाळ्यात दौंडला दुपारी पंख्याचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा येतो. त्या वेळी मी दार लोटून, ओला पंचा मानेवर टाकून लॅपटॉप उघडते. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत शिकले. पुण्याच्या एका ऑफिससाठी मी सूचना लिहिते. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक मशीन आहे, त्यानं काय बोलावं आणि काय नाही, हे मराठीतून सांगायचं. माझ्या वाक्यातल्या ज्या शब्दावर त्याचं लक्ष जातं, त्याच्याखाली केशरी रंग चढतो. जास्त लक्ष, गडद रंग. बाकीचं पांढरं.

त्या दिवशी लिहिलं होतं, ‘उसावरच्या किडीचं औषध सांग, गुळाबद्दल बोलू नकोस.’ ‘औषध’ फिकं. ‘नकोस’ पांढरं. ‘गुळाबद्दल’ मात्र गडद केशरी.

ऑफिसमधली मोनाली माझं काम तपासते. तिला फोन लावला.

“होतं तसं, काकू. नको म्हटलेलीच गोष्ट मशीन कधीकधी धरून बसतं.”

“आमच्यात पण होता एक असा,” मी म्हणाले. ती हसली. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर डोळ्यांना पदर लावून बसले.

शलमोन, माझे मिस्टर, नको तेवढंच ऐकायचे. ‘दळण आणा, शुगरच्या गोळ्या आणा, राहूकडे वळू नका’ असं बजावून पाठवावं, तर गडी राहू गावातल्या गुऱ्हाळावरून गरम गूळ घेऊन हजर! दळण गिरणीतच. रविवारी चर्चला उशीर झाला की मी म्हणायचे, “तुम्ही व्हा पुढं, मी आलेच.” जाऊन बघते तर हे फाटकाशी उन्हात उभे. आत पहिलं गीत संपलेलं.

“अहो, आत बसायचं ना!”

“तूच म्हणलीस की, आलेच.”

गेल्या वर्षी त्या गुऱ्हाळावरच गेले, बसल्या बसल्या. घरी आणलं तेव्हा शर्टाला गुळाचा वास होता.

फोन ठेवल्यावर मी चाळा म्हणून तेच जुनं वाक्य टाकलं. दळण, गोळ्या, राहूकडे वळू नका.

‘राहूकडे’ गडद झालं.

मोनालीला तेच वाक्य तिच्याकडे टाकायला सांगितलं. “माझ्याकडे दळण आणि गोळ्या रंगलेत, काकू. राहू एकदम पांढरं. तुमचा स्क्रीन बिघडलाय का?”

“असेल,” मी म्हणाले.

पुढं रोज दुपारी काम उरकलं की मी एखादं वाक्य टाकायची. ‘नळ बंद करायला विसरू नका.’ नळ पांढरा, ‘विसरू’ केशरी. एकटीच खुदकन हसायची. शेजारच्या अनसाबाईंनी खिडकीतून डोकावलं.

“कुणाशी बोलतीस गं?”

“मशीनशी.”

“मंग लाजतीस कशाला?”

त्याच आठवड्यात एंजलचा, माझ्या मुलीचा, पिंपरीहून फोन आला. “मम्मी, रविवारी गाडी घेऊन येते. पप्पांचे कपडे काढून ठेव. आता बास झालं एकटीनं राहणं.” बरोबरच होतं तिचं. पण कपाट उघडलं तर गुळाचा वास आला. कपडे मी कितीदा धुतले होते. गुऱ्हाळंही या दिवसांत बंद.

मी कपाट लावलं आणि लॅपटॉपपुढं बसले. घर सोडायचं, तर यांना सांगून सोडायचं.

‘मी एंजलकडे चालले. घराला कुलूप लावतेय. माझी वाट पाहू नका.’

एंजल पांढरी. कुलूप पांढरं. ‘नका’ तर पांढरं असणारच.

‘वाट पाहू’ एवढं गडद झालं, की अक्षरं दिसेनात.

“अहो, असं नाही करायचं,” मी मोठ्यानं म्हणाले. “जा आता. मला जाऊ द्या.”

वास वाढला.

‘नका’ यांना ऐकूच जात नाही. मग ‘नका’ नसलेलं काहीतरी लिहायला हवं. मी सगळं पुसलं आणि सावकाश टाइप केलं.

‘तुम्ही व्हा पुढं.’

‘पुढं’ या शब्दाखाली फिका रंग आला. हळूहळू चढायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं सांगितलेलं ऐकत होते. मी कपाटाकडे वळून बघितलं. वास विरत चालला.

संसारभर जे वाक्य म्हटलं, ते बोटांना अर्धं सोडवेना. उरलेलं बोटांनीच लिहिलं.

‘मी आलेच.’

‘पुढं’ पांढरं झालं.

‘आलेच’ केशरी झालं.

मी घाईनं सगळं पुसलं. अक्षरं गेली.

रिकाम्या चौकटीत केशरी तेवढं राहिलं. एकाच शब्दाच्या रुंदीचं, अगदी कडेला, फाटकाशी उभं राहावं तसं.