बोटीनं येणारी गोष्ट

हे लिहायचं नाही, असंच जवळजवळ ठरवलं होतं. जी बाई जन्मभर तोंड मिटून राहिली, तिचं मन चव्हाट्यावर मांडणारा मी कोण... पण एस्किल माझा मित्र. हे सगळं उलगडलं तेही लहानपणी पडलेल्या त्याच्याच दातावरून. म्हणून लिहितोय.

हिवाळ्यातली दुपार, पण तिकडे उत्तरेत तेव्हा सूर्यच उगवत नाही, त्यामुळे बाहेर मिट्ट काळोख. योरुनमावशी स्वयंपाकघरात कॉड मासे साफ करत होती. आतल्या खोलीत तुरिड, तिनं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची, आपल्या लेकाला गोष्ट सांगायला बसली होती. सहा वर्षांच्या एस्किलचा पुढचा दात सकाळीच पडला होता आणि तो घरभर शिट्ट्या मारत फिरला होता.

"ही माझ्या आईनं पाठवलेली गोष्ट आहे बरं का," तुरिड म्हणाली. "ती खाडीपलीकडे क्षयाच्या दवाखान्यात होती. मी तुझ्याएवढी. बोटीवरच्या माणसांबरोबर ती निरोपासारख्या गोष्टी पाठवायची, मावशी मला ऐकवायची."

"मावशीआजीची नाही?"

"मावशीआजीला कुठल्या येतायत गोष्टी. ती बरी नि तिचे मासे बरे."

योरुन ओट्याशी हसली. हा टोमणा तिच्या अंगवळणी पडला होता.

"तर एका सीलच्या पिल्लाचा पुढचा दात पडला..."

योरुनची सुरी थांबली. ही गोष्ट कितीतरी वर्षांनी घरात सांगितली जात होती. छोटी तुरिड तोंडात रक्त आलं म्हणून भेदरून रडत होती, तेव्हा तिला मांडीवर घेऊन योरुननंच ती रचली होती, तिथल्या तिथे. आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाली होती, आईनं पाठवलीय. कारण त्याआधी एकदा पोरीनं झोपेत तिलाच 'आई' म्हटलं होतं. काळीज कसं सुखानं भरून आलं होतं... आणि पाठोपाठ लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. सख्खी बहीण हेर्डिस तिकडे रक्त ओकतेय, आणि आपण इथे तिची लेक बळकावतोय! तेव्हापासून प्रत्येक गोष्ट तिनं बहिणीच्या नावावर केली.

"...आणि त्या फटीतून ते शीळ घालायला लागलं, आणि..."

तुरिड मधेच अडखळली. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मावशी, माझा दात पडल्याचं आईला कसं कळलं?"

"कुणीतरी सांगितलं असेल."

"कोण सांगणार? तू मला त्याच रात्री सांगितलीस ही गोष्ट. वादळ होतं. आठवडाभर बोटच नव्हती."

"तू लहान होतीस. काहीतरी घोळ होतोय तुझा."

"माझ्याकडे बघ."

योरुननं पाहिलं नाही. हेर्डिसकडून या पोरीला दुसरं मिळालंच काय होतं? तेवढंही काढून घ्यायचं?

"तिचा जीव तुझ्यावर होता," ती खाली बघत म्हणाली. "भेटायला गेले की आधी तुझंच विचारायची. ते खोटं नाही. गोष्टी... गोष्टी तेवढ्या माझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."



"मग आई गेल्यावर का थांबलीस?" तुरिडचा आवाज फाटला. "तेव्हाच तर मला हव्या होत्या गं. मी धक्क्यावर जाऊन बसायचे. बोट आली की वाटायचं, एखादी राहिलेली गोष्ट येईल..."

"खिडकीतून दिसायचीस मला."

"आणि तरी गप्प राहिलीस?"

"कुणी पाठवली म्हणून सांगितलं असतं?"

मावशीच्याच प्रेमळ लबाडीनं तिच्याच तोंडाला कुलूप... तुरिडला रडू आवरेना. "मी तुला कोरडी समजत आले, मावशी," एवढंच ती पुटपुटली.

"आई, पुढे काय झालं?" आतून एस्किल ओरडला.

तुरिडनं डोळे पुसले. मावशीच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिचे ओले, खवल्यांनी माखलेले हात आपल्या एप्रनला पुसले, लहान मुलाचे पुसावेत तसे.

"जा. तुझी आहे. तूच पुरी कर."

योरुन आत जाऊन बसली. 

"मावशीआजी, तुला येते?"

"येते रे."

आणि तिनं सांगितली. शेवटी जुन्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "...असं तुझ्या आजीनं कळवलंय."

"नाही," दारातून तुरिड म्हणाली. "असं योरुननं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी एस्किल नवी गोष्ट मागायला लागला. योरुनला नवी सुचेना, जुनी आठवेना. कितीतरी होत्या... पण ही एक तेवढी तुरिडनं जपली म्हणून उरली होती. बाकीच्या, वर्षानुवर्षं न सांगितलेल्या, आतल्या आत विरून गेल्या होत्या. मग तो रोज तीच ऐकायचा. बर्फ वितळायच्या आत मावशीआजी गेली.

परवा एस्किलला म्हटलं, मी हे लिहितोय. तो म्हणाला, "लिही. पण सीलची गोष्ट कुठल्याही पोराला सांगितलीस, तर आधी मावशीआजीचं नाव सांगायचं. नंतर नाही, आधी."

मी त्याला तसं वचन दिलंय.